ज्याची त्यालाच दिसणारी जाहिरात

समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींबद्दल कुरकुर केली की समोरून एक उत्तर हमखास येतं. जाहिरात काय आज आली? वर्तमानपत्रं जाहिरातींवरच जगली, दूरदर्शनवर निरमा गाजला, एसटीच्या पाठीवर दंतमंजन फिरलं, गावातल्या प्रत्येक दर्शनी भिंतीवर सिमेंट नाहीतर बियाणं रंगवलेलं असायचं. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही, मग फेसबुकने चार जाहिराती दाखवल्या तर एवढा गहजब कशाला? सगळं फुकट मिळतंय ना, मग जाहिराती बघा. नको असेल तर फोनवरून काढून टाका. आणि शेवटी ठेवणीतला हुकमाचा एक्का: लातूरच्या गंजगोलाईतल्या साडीवाल्याला टीव्हीवरची जाहिरात जन्मात परवडली असती का?

हे काही लातूर-नांदेडच्या डिजिटल मार्केटिंगवाल्यांनी स्वतः शोधलेलं नाही. मार्क झुकरबर्ग यांनी जानेवारी २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लेख लिहून साधारण हीच मांडणी केली होती. सेवा सगळ्यांना मिळावी म्हणून ती फुकट, फुकट म्हणून जाहिराती. आणि जाहिराती दिसायच्याच असतील तर निदान आपल्या कामाच्या दिसाव्यात, असं लोकच आम्हाला सांगतात. आम्ही कुणाची माहिती विकत नाही. उलट ज्यांना टीव्ही आणि होर्डिंग परवडत नाही अशा लहान धंद्यांना आम्ही मोठ्यांच्या बरोबरीने उभं करतो. लेख हुशारीने लिहिला आहे. त्यातली बरीचशी वाक्यं सुटी घेतली तर खोटीही म्हणता येत नाहीत. म्हणून तर त्याला उत्तर द्यायचं.

आधी वर्तमानपत्रांचं पाहू. जुनी जाहिरात सोवळी होती आणि नवी ओवळी, असं निदान नांदेडच्या माणसाने तरी म्हणू नये. ऑक्टोबर २००९ ची विधानसभा निवडणूक आठवा. मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. त्या दिवसांत मराठी दैनिकांत त्यांच्या कर्तृत्वाचे गोडवे गाणारी पानंच्या पानं छापून आली. ‘अशोकपर्व’ हे नाव तेव्हापासूनचं. ही जाहिरात आहे असं कुठे म्हटलेलं नव्हतं. नोव्हेंबरअखेर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं की ‘लोकमत’, ‘पुढारी’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत काही दिवसांच्या अंतराने एकच मजकूर शब्दाला शब्द छापला गेला होता. चव्हाणांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा अहवाल आला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाणांविरुद्ध आदेश काढला आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पैसे देऊन काही छापून घेतलेलं नाही, असं चव्हाणांचं म्हणणं होतं.

मला इथे निकालाशी कर्तव्य नाही. मुळात हे प्रकरण उभं राहिलं कसं, ते मला महत्त्वाचं वाटतं. तीन पेपर टेबलावर शेजारीशेजारी मांडले आणि ओळीला ओळ जुळली, एवढ्यावर ते उभं राहिलं. नांदेडच्या स्टॉलवरचा पेपर विरोधी उमेदवाराच्या हाती, कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाच्या हाती आणि भोकरच्या हॉटेलात चहा पिणाऱ्याच्या हाती एकच पडत होता. त्यातली स्तुती खोटी असेल, विकतचीही असेल, पण ती चारचौघांत होती. नंतर ती रद्दीत उरली आणि पाच वर्षांनी फाइलीला जोडता आली. जाहिरातीतल्या लबाडीला तेव्हा साक्षीदार मिळत असत.

आता तीच गोष्ट फोनवर घडली असती तर? भोकरच्या शेतकऱ्याला कर्जमाफीचं कौतुक दिसलं असतं, अर्धापूरच्या केळीवाल्याला पाण्याचं, नांदेडच्या कॉलेजातल्या पोराला नोकरीचं. तिघांनाही वाटलं असतं की सगळ्यांना हेच दिसतंय. शेजारी मांडून बघायला काही उरलंच नसतं.

समाजमाध्यमांत जाहिरातीने केलेला खरा बदल हा आहे. जाहिराती वाढल्या ही त्यातली किरकोळ तक्रार, टीव्हीवरही त्या कमी नव्हत्या. बदल असा की प्रत्येकाला वेगळं पान छापून मिळतं आणि ते पान कुणी कुणासाठी का छापलं, हे छापणारा सोडून कुणालाच कळत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. एके काळी आडतीवर रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे. भाव घेणाऱ्याला कळे, आडत्याला कळे, आणि ज्याच्या घामाचा ढीग तो बाजूला उभा राहून दोघांची तोंडं बघे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी ती रीत मोडून उघड लिलाव आणला. फोनवर बोट फिरवलं की आपल्या नजरेचा तसाच लिलाव होतो, पापणी लवायच्या आत. बोली जाहिरातदारांची, आडत फेसबुकवाल्या मेटाची, ढिगाच्या जागी आपण. रुमाल मात्र परत आला.

या लिलावात नुसती जास्त बोली लावून भागत नाही. हा माणूस या जाहिरातीवर बोट ठेवील याची शक्यता किती, याचा अंदाजही कंपनी त्यात धरते. अंदाज बरोबर यायचा तर माणूस पुरता ओळखीचा हवा आणि तो फोनवर जास्तीत जास्त वेळ थांबायला हवा. बाकी सगळी रचना त्यातून आली. २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणली तेव्हा ओळखीच्यांची खबरबात एका जागी मिळणं एवढाच तिचा उपयोग होता. २०१२ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, त्याच वर्षी फोनवरच्या फीडमध्ये पैसे घेऊन दाखवायच्या पोस्ट शिरल्या, आणि मावसभावाच्या बारशाच्या फोटोला स्पर्धक आले. २०२४ मध्ये मेटाचं उत्पन्न १६४.५ अब्ज डॉलर होतं, त्यातले १६०.६ अब्ज जाहिरातींचे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत मक्तेदारीच्या खटल्यात कंपनीनेच आकडे पुढे ठेवले. लोक फेसबुकवर जेवढा वेळ घालवतात त्यातला मित्रांचं टाकलेलं बघण्यात जाणारा वाटा दोन वर्षांत २२ टक्क्यांवरून १७ वर आला आणि इन्स्टाग्रामवर ११ वरून ७ वर. म्हणजे इन्स्टाग्रामवरच्या शंभर मिनिटांतली सात मिनिटं माणसांची, बाकी अनोळखी रील आणि त्यामध्ये पेरलेल्या जाहिराती. आम्ही आता मित्रांचं माध्यम राहिलो नाही, असं कंपनी स्वतःच न्यायालयात सांगत होती, मक्तेदारीच्या आरोपातून सुटण्यासाठी. झुकरबर्गांच्या २०१९ च्या लेखाला इतका चोख प्रतिवाद मला लिहिता आला नसता.

आता तो साडीवाला. त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. गंजगोलाईत, नांदेडच्या वजिराबादेत, उदगीरच्या बाजारात असे दुकानदार आहेत ज्यांच्याकडे लग्नसराईत फोनवरच्या जाहिरातीमुळे निलंगा आणि मुखेडहून गिऱ्हाईक आलं. रोपवाटिकावाले, मेसवाले, मंडपवाले, घरून पापड-कुरडया विकणाऱ्या बायका, यांना या माध्यमाने हात दिला आहे. ते नाकारणं अप्रामाणिक होईल.

पण त्या दुकानदाराला गल्ल्यावर बसून विचारा, तो काय करतो. आधी त्याने फेसबुकवर पान उघडलं, ते फुकट होतं. गिऱ्हाइकांना मागे लागून ते लाइक करायला लावलं. पाच हजार माणसं जमली. सुरुवातीला नवा माल आला की फोटो टाकायचा आणि तो त्यांना दिसायचा. मग दिसेनासा झाला. जून २०१४ मध्ये फेसबुकनेच खुलासा केला की पानांच्या पोस्ट आपोआप पोचण्याचं प्रमाण घसरलं आहे, आणि त्या वर्षअखेरीस जाहीर केलं की फारच जाहिरातवजा वाटणाऱ्या फुकट पोस्ट पुढच्या जानेवारीपासून आणखी कमी दाखवू. आता तो पैठणीच्या फोटोखालचं ‘बूस्ट’चं बटण दाबतो. रोजचं बजेट दोनशे रुपये, परिसर लातूरपासून पंचवीस किलोमीटर, बायका, वय पंचवीस ते पन्नास. अधिक जीएसटी. ज्यांच्यापर्यंत पोचायला तो पैसे मोजतोय त्यातल्या निम्म्याअधिक जणी त्याच्या दुकानात येऊन गेलेल्या आहेत. आणि त्याच नजरांसाठी बोली लावायला मुंबई-बेंगळुरूचे साडी विकणारे ॲप उभे आहेत, ज्यांना तोटा सोसून गिऱ्हाईक फोडणं परवडतं. याला बरोबरीने उभं करणं म्हणत असतील तर म्हणोत. मला तर हा त्याच्याच दुकानाच्या पायरीवर बसवलेला टोलनाका दिसतो.

लहान माणसाचा कैवार घेण्याची ही तऱ्हाही जुनी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ची, म्हणजे निवडक संकेतस्थळंच फुकट देण्याची, योजना भारताच्या गळी उतरवायला पानभर जाहिराती दिल्या होत्या, गंमत म्हणजे छापील वर्तमानपत्रांत. झुकरबर्गांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. गणेश फोनवर हवामान बघतो, शेतमालाचे भाव बघतो, आता तो नव्या पिकांत आणि जनावरांत पैसे घालतोय. मराठवाडा तेव्हा लागोपाठच्या दुष्काळाने करपलेला होता आणि पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने असल्या योजनांना मनाई केली. पण गणेश काही इंटरनेटविना राहिला नाही. त्याच वर्षी जिओ आलं आणि लोहा, कंधार, औशाचे गणेश बांधावर बसून फेसबुक बघू लागले.

त्यांना तिथे काय भेटलं? हवामान आणि भाव भेटले, थोडे. त्याहून जास्त भेटलं ते एकरी अचाट उतारा देणारं सोयाबीन, आठ दिवसांत फुलगळ थांबवणारं टॉनिक, आधार कार्डावर पाच मिनिटांत कर्ज आणि अनुदानातला सौरपंप. शेवटच्या प्रकारात ‘पीएम कुसुम’च्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून शेतकऱ्यांकडून नोंदणीचे पैसे उकळले गेले. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्याबद्दल वारंवार जाहीर इशारे द्यावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा चेहरा आणि आवाज बनवून त्याच्या तोंडून एका गेमिंग ॲपची भलामण करवणारी चित्रफीत फिरली. ती खोटी आहे हे सचिनलाच पुढे येऊन सांगावं लागलं. जिथे तेंडुलकरला स्वतःचा चेहरा सोडवून घ्यावा लागतो, तिथे कंधारच्या माणसाने खरं-खोटं ओळखावं अशी अपेक्षा आहे.

यावर बचाव असा असतो की लाखो जाहिरातींत चार भामटे घुसणारच, कंपनी तरी किती बघणार. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने मेटाची अंतर्गत कागदपत्रं पाहून जे प्रसिद्ध केलं ते वाचल्यावर हा बचाव टिकत नाही. २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे १० टक्के हिस्सा, म्हणजे १६ अब्ज डॉलर, फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल असा कंपनीचाच अंदाज त्या कागदांत होता. अंदाज ढोबळ आणि फुगलेला असल्याचं कंपनीने म्हटलं, तेही नोंदवतो. पण खरी मेख पुढे आहे. जाहिरातदार भामटा असल्याची ९५ टक्के खात्री पटली तरच त्याला बंद करायचं. त्याहून कमी संशय असेल तर त्याच्याकडून दर जास्त घ्यायचा. दंड म्हणून. हा दंड कुणाच्या गल्ल्यात जातो, हे सांगायला नको.

वर्तमानपत्रांतही भोंदू बाबांच्या आणि लॉटरीच्या जाहिराती येत होत्याच की, असं म्हणाल. येत होत्या. पण सोयाबीनच्या खोट्या बियाण्याची जाहिरात ‘एकमत’मध्ये किंवा ‘प्रजावाणी’त आली असती तर दुसऱ्या दिवशी कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर ती गेली असती, कारण तो अधिकारीही तोच पेपर वाचतो. फोनवरची जाहिरात अधिकाऱ्याला दिसतच नाही. त्याच्या नावावर शेत नाही, त्याने कधी बियाणं शोधलेलं नाही, त्याला कारच्या विम्याची जाहिरात दिसते. शेतकरी तक्रार घेऊन येईपर्यंत ती उतरवलेली असते आणि हातात स्क्रीनशॉटही नसतो.

जुलै २०२५ मध्ये या सगळ्याचं एक विलक्षण प्रात्यक्षिक झालं. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत बाहेर आली. मंत्र्यांचं म्हणणं, मी खेळत नव्हतो, खेळाची जाहिरात समोर आली ती बाजूला सारत होतो. राज्यभर गदारोळ झाला. लातुरात त्यांच्याच पक्षाचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्या पत्रकार परिषदेत छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी टेबलावर पत्ते फेकले, त्यांना मारहाण झाली, प्रकरण चिघळलं आणि महिनाअखेरीस कोकाट्यांचं कृषी खातं गेलं. (पत्त्यांवरून कृषी गेलेल्या मंत्र्याला बदल्यात क्रीडा खातं मिळालं, हा विनोद सरकारने स्वतः केला.)

मंत्री खरं बोलत होते की नाही, यात मी पडत नाही. पण त्यांनी काढलेली सबब बघा. ती ऐकून लोक संतापले, हसले, पण ‘अशी जाहिरात येतच नाही’ असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. कारण ती सगळ्यांनाच येत होती, शेतकऱ्याला, मास्तरला, दहावीतल्या पोराला. आणि वाद होऊ शकला तो एकाच कारणाने, मंत्र्यांच्या फोनकडे वरून कुणाचा तरी कॅमेरा रोखलेला होता. एरवी कुणाच्या फोनवर काय दाखवलं गेलं आणि त्याने त्यावर काय केलं, याला तो आणि कंपनी यांच्याखेरीज तिसरा साक्षी नसतो. रमीत घर घालवलेल्यांच्या बायकांना विचारा, त्यांना पहिली जाहिरात कधी दिसली? दिसलीच नव्हती. पैशाच्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर संसदेने त्याच ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली, आणि मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांत खेळ गुंडाळले. तंत्रज्ञानापुढे काही करता येत नाही म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

‘नको असेल तर सोडा’ या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही. शाळेची सूचना, शिकवणीचा पेपर, ग्रामपंचायतीची दवंडी, बचतगटाचा हप्ता, भावकीतल्या मयतीचा निरोप, सगळं व्हॉट्सॲपवर येतं. ते सोडणं म्हणजे गाव सोडणं. व्हॉट्सॲपच्या संस्थापकांनी जाहिराती घ्यायच्या नाहीत असं उघड ठरवलेलं होतं. फेसबुकने २०१४ मध्ये ते विकत घेतलं, पुढे दोन्ही संस्थापक बाहेर पडले आणि जून २०२५ मध्ये स्टेटसच्या कप्प्यात जाहिराती आल्या. आणि ‘फुकट’चं म्हणाल तर युरोपात कायद्याचा बडगा आल्यावर मेटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहिरातींविना फेसबुक-इन्स्टाग्रामची किंमत लावली होती, महिना ९.९९ युरो. म्हणजे किंमत आहे आणि कंपनीला ती पक्की ठाऊक आहे. आपण ती चुकवतो, फक्त पावती मिळत नाही.

राहिला सगळ्यात सभ्य बचाव: आमची ‘ॲड लायब्ररी’ आहे, कुणीही उघडून बघावं. मी उघडून बघितली आहे, तुम्हीही बघा. राजकीय जाहिरात असेल तर कुणी पैसे दिले, अंदाजे किती दिले, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या राज्यातल्या लोकांना दिसली, एवढं मिळतं. राज्य म्हणजे महाराष्ट्र. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळा एकच. आता २० नोव्हेंबर २०२४ चं नांदेड घ्या. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनाने लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेसोबत झाली. एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, त्याच मतदारांनी सहाही विधानसभा महायुतीला दिल्या आणि लोकसभा काँग्रेसला, अवघ्या १,४५७ मतांनी. या निकालात फोनवरच्या जाहिरातींचा वाटा किती? कदाचित शून्य असेल. माझा मुद्दा असा की तो मोजायची सोयच कुणी ठेवलेली नाही. देगलूरला काय दिसलं आणि मुखेडला काय, हे मेटाच्या हिशेबवहीत आहे. जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीपुढे ते येत नाही. ‘अशोकपर्वा’च्या वेळी साईनाथांना तीन पेपर तरी मिळाले होते.

आणि जाहिरात राजकीय नसेल तर आपल्याकडे तेवढंही नाही. चालू असेतोवर ती लायब्ररीत दिसते, बंद झाली की गायब. खर्च नाही, कुणाला दिसली ते नाही. युरोपात तीच कंपनी तीच जाहिरात वर्षभर जपून ठेवते आणि किती जणांपर्यंत पोचली तेही सांगते, कारण तिथे कायदा आहे. मग लातूरच्या बाबतीत तांत्रिक अडचण कसली?

लातूरचा उल्लेख उगाच करत नाही. ट्यूशन एरियात एका मेसमध्ये जेवताना शेजारी मुखेड तालुक्यातलं एक लेकरू बसलं होतं. अकरावीचं, नीटची तयारी करणारं. एका हाताने वरण-भात, दुसऱ्या हाताने रील. मी डोकावून बघत बसलो, त्यानेही हरकत घेतली नाही. गुलालात माखलेला, फेटा बांधलेला टॉपर, मागे ढोल आणि स्क्रीनवर उसळणारे मार्क. मग दुसऱ्या क्लासचा फाउंडेशन. मग तिसऱ्याची रिपीटर बॅच, ‘शेवटच्या काही जागा’. मध्ये एक कुत्र्याची गंमत. मग एका सरांचं भावनिक भाषण, बापाच्या फाटक्या चपलेवर, खाली प्रवेशाचा नंबर. घरचं, गावचं, वर्गातल्या मित्राचं काहीही त्यात आलं नाही. त्याला विचारलं, एवढे क्लास कसे काय दिसतात रे? म्हणाला, ‘सगळ्यांनाच दिसतेत की सर.’ त्याचा बाप आठशे रुपये रोजाने गवंडीकाम करतो, असं नंतर बोलण्यात आलं. बापाच्या फोनवर काय दिसतं ते त्याला माहीत नव्हतं.

अठराच्या खालच्या मुलांना जाहिरातदार आवडीनिवडीवरून गाठू शकत नाहीत, असं मेटा सांगते. २०२१ पासून तसा नियम आहे, २०२३ मध्ये तो आणखी आवळला, आता फक्त वय आणि ठिकाण निवडता येतं. दिल्ली-मुंबईत हे ठीक वाटेल. लातुरात सोळा-सतरा वय आणि खाडगाव रोडचा परिसर एवढं कळल्यावर त्या मुलाबद्दल आणखी काय जाणून घ्यायचं राहिलं? तो घर सोडून आलाय, बापाने कर्ज काढलंय आणि त्याला डॉक्टर व्हायचंय, हे त्या दोन रकान्यांतच आलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवण्यांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय, तीही निकालानंतर घेतलेली, वापरायचा नाही, आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला ते फोटोशेजारीच लिहायचं. चांगली तत्त्वं आहेत. शिवाजी चौकातल्या होर्डिंगवर ती लावता येतील, तिथे कुणीही उभं राहून वाचू शकतं. मुखेडच्या त्या पोराच्या फोनवर कोण उभं राहणार?

त्याच्यासाठी खरं तर कायदा झालेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं नववं कलम सांगतं की अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करायची नाही. त्याचे नियम यायला दोन वर्षं लागली, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७ चा मध्य. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली. २०२७ मध्येही तसंच झालं, तर नियम आले तेव्हा ट्यूशन एरियात बसलेली अकरावीची बॅच ते कलम लागू होण्याच्या दहा-बारा दिवस आधी पेपर देऊन मोकळी झालेली असेल.